मिनिटकाटा एकच

वसतिगृह, प्रशिक्षण विमानतळ
६ नोव्हेंबर २०२४

प्रिय शोभाआत्यास नमस्कार.

फोन न करता पत्र लिहिते आहे. फोनवर तू आधी जेवलीस का विचारतेस, मग काय जेवलीस विचारतेस, आणि तेवढ्यात इथली रेंज जाते. शिवाय तुला कागद हातात घेऊन वाचायला आवडतं, हे अकरावी-बारावीची दोन वर्षं कोराडीला तुझ्याकडे राहून मला पुरतं कळलं आहे. तू किराण्याची पुडीसुद्धा सोडून वाचतेस.

बातमी अशी की आमचे मार्तंड सर म्हणाले, आता तू एकटीने लांब जायला तयार आहेस. आजवर मी एकटी उडाले ती विमानतळाभोवतीच. आता नकाशा मांडीवर घेऊन जायचं. इथून वैनगंगेवरून निघायचं, कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्यांवर वळायचं, कुहीवरून परत यायचं. म्हणजे आधी तुझ्या डोक्यावरून आणि मग बाबांच्या शेतावरून! ही फेरी नीट झाली तरच पुढचं शिक्षण. नाही झाली तर सर ठरवतील.

आणि नेमकं आत्ताच माझं घड्याळ बंद पडलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, श्वेताताईच्या लग्नात तिला दिलं तसं सोनेरी पट्ट्याचं घेऊन देतो, पोरीच्या हातात तेच शोभते. आत्या, वाचव मला. ऑनलाइन चित्रांत सगळी घड्याळं सारखीच सुंदर दिसतात. हातात घेऊन, दुकानदाराला भंडावून सोडून घेणारं माणूस हवं, आणि तसं मला एकच ठाऊक आहे.

मला हवं ते असं. काळी तबकडी, मोठे पांढरे आकडे, एका नजरेत वेळ कळली पाहिजे, दुसरी नजर टाकायला वेळ नसतो. सेकंदकाटा पाहिजेच. अंधारात दिसलं पाहिजे. उन्हात चमकून डोळ्यांवर येता कामा नये. पट्टा कापडी. तासाचा आणखी एक काटा हवा, कारण विमानातली माणसं सगळ्या जगात एकच वेळ लिहितात, ग्रीनिचची. आपल्याकडे सकाळचे सात वाजले की तिकडे रात्रीचा दीड. चार्जिंगचं नको, ते ऐन वेळी मान टाकतं. आणि हेच घड्याळ मला भांडी घासताना, बसमध्ये, लग्नातही घालता आलं पाहिजे. दोन घड्याळं सांभाळणारी मी नाही.

तू विचारशील, विमानात एवढी यंत्रं, मग मनगटावर कशाला? सर म्हणतात, यंत्र बंद पडलं की दिशा, वेग आणि वेळ एवढंच उरतं. अमुक वेगाने अमुक मिनिटं गेलं की अमुक जागा खाली आलीच पाहिजे. मिनिट चुकलं की जागा चुकली.

तुझी
रितिका

*

कोराडी
१५ नोव्हेंबर २०२४

चि. रितिकास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग शेजारच्या मिनलला वाचून दाखवलं. ती म्हणाली, काकू, तुमची भाची डोक्यावरून जाणार म्हणजे वाळवण झाकून ठेवावं लागते का? मी म्हटलं, राखेपायी तसंही झाकतोच.

मंगळवारी नागपूरला बर्डीच्या बाजारात गेले. बसमध्ये तुझं पत्र पर्समध्ये आणि हात पर्सवर. पहिल्या दुकानात शिरले तर पोरानं खड्यांची घड्याळं काढली. दुसऱ्या दुकानाचे मालक चंद्रभानजी, वयानं माझ्याएवढे. त्यांनी विचारलं, कोणासाठी. मी म्हटलं, विमान चालवणाऱ्या पोरीसाठी. त्यांना वाटलं हवाई सुंदरी. मी म्हटलं, नाही जी, समोर बसून चालवते ते.

मग त्यांनी ताटलीएवढं एक घड्याळ काढलं. तबकडीत आणखी तीन तबकड्या, आकड्यांची नुसती जत्रा. म्हणे हे खास पायलटचं. मी ते डोळ्यांसमोरून झटकन नेलं आणि त्यांनाच विचारलं, सांगा किती वाजले. ते चष्मा शोधायला लागले. मी म्हटलं, तुमचा चष्मा सापडेस्तोवर माही भाची भंडाऱ्यावर पोचते.

मग एकेक काढायला लावलं. काउंटरखाली वाकून, डोक्यावर पदर घेऊन अंधारात कोणतं दिसतं ते पाहिलं. मागची एक बाई म्हणाली, यांना चक्कर आली का. उन्हात धरून पाहिलं. शेवटी दोन उरली तेव्हा म्हटलं, विमान हलत असंल, तर हलत्यात पाहू द्या. दोन्ही हातांत एकेक बांधून बाहेर ऑटोत बसले. चंद्रभानजींनी आपला माणूस सोबत दिला, घड्याळासाठी की माझ्यासाठी कोण जाणे. रस्ता खोदलेलाच होता. एका घड्याळाचे काटे मला खड्ड्यातही दिसत होते, दुसऱ्याचे नाही. झाला निर्णय.

काळी तबकडी, पांढरे आकडे, हिरवट उजेडाचे काटे, राखाडी कापडी पट्टा. तासाचा दुसरा काटा केशरी, तो तुझ्या ग्रीनिचचा. पाण्यात चालतं. मी घरी आणून कणीक मळली, ताक घुसळलं, भांडी घासली, सगळं ते घालून. तेवढं एकदाच घातलं हो, मग पुसून ठेवलं.

सोबतची पुस्तिका इंग्रजीत आहे. शब्दकोश घेऊन दोन दिवस बसले. आता मला ते घड्याळ तुझ्यापेक्षा जास्त येतं. केशरी काटा कसा वेगळा फिरवायचा, मिनिटकाटा दोन्ही वेळांना एकच कसा, ग्रीनिचचा अर्धा तास मनात कसा धरायचा, सगळं कळलं. देवापुढे ठेवून हळदीकुंकू डबीला लावलं, घड्याळाला नाही. दोन्ही वेळा मी स्वतः लावून दिल्या आहेत. तू आता त्याला हात लावू नकोस, नुसतं बांध आणि उड.

तुझे आतोबा असते तर आज गावभर सांगत फिरले असते. ते नाहीत म्हणून ते काम मी करते आहे.

तुझी
आत्या

*

वसतिगृह
२१ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

आलं! आज संध्याकाळी पार्सल आलं, आणि उद्या सकाळीच माझी फेरी आहे. एवढं नेमकं तुझ्या चंद्रभानजींच्या घड्याळालाही जमलं नसतं.

काय निवडलंस गं! साहिल, म्हणजे माझ्या वर्गातला, तो हातातून सोडायलाच तयार नव्हता. त्याचं ताटलीवालं आहे. मी तुझी युक्ती केली, त्याच्याच डोळ्यांसमोरून झटकन नेलं आणि वेळ विचारली. तो लाल झाला.

घड्याळ डबीतच ठेवलं आहे, उद्या पहाटे पहिल्यांदा बांधीन. तू सांगितलंस तसं, वेळेला हात लावला नाही. झोपायला सांगितलं आहे पण झोप कुठली येते. कोराडीवर आले की मनातल्या मनात हाक मारीन.

तुझी
रितिका

*

वसतिगृह
२५ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

फेरी पूर्ण झाली नाही. सकाळी धुरकट होतं, त्यामुळे अर्ध्यातून परत यावं लागलं. असं होतं कधी कधी. पुन्हा कधी पाठवायचं, पाठवायचं की नाही, ते सर ठरवतील.

घड्याळ छान आहे. रोज घालते. वेळ मी पुन्हा लावून घेतली. तू काळजी करू नकोस आणि बाबांना काही विचारू नकोस.

तुझी
रितिका

*

कोराडी
३० नोव्हेंबर २०२४

चि. रितिकास आशीर्वाद.

तुझं पत्र उलटं करून पाहिलं, मागे काही लिहिलं आहे का म्हणून. एवढं आखूड पत्र तू मला शाळेतसुद्धा लिहिलं नाहीस.

धुरकट असेल तर परत येणंच बरोबर. त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही. इथेही त्या दिवशी होतं थोडं. तुझ्या बापानं आदल्या रात्री फोनवर सांगितलं होतं, म्हणून मी सकाळपासून गच्चीवर होते. मिनलनं दोनदा विचारलं, काकू, कवा येते वं? मग ती कामाला गेली. मी दुपारपर्यंत होते, ते सोड.

पण तू वेळ पुन्हा काहून लावली? मी मुद्दाम दहा मिनिटं पुढे लावून दिलं होतं. आपल्याकडे तसंच असतं, तुला ठाऊक आहे. तुझ्या आतोबांची पहिली पाळी असली की प्लांटची बस कोणासाठी थांबायची नाही. म्हणून मी लग्न होऊन आले त्या आठवड्यातच त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं. म्हणाले, "दहा मिनिटं आपल्या गाठीशी असली की माणूस धापा टाकत नाही." तेव्हापासून या घरात कोणाला कुठे उशीर झाला नाही. तूसुद्धा बारावीच्या पेपरला त्याच घड्याळावर गेलीस. ते गेले त्याला पाच वर्षं झाली. आता बस नाही, पाळी नाही. घड्याळ तसंच आहे. म्हटलं, पोरगी एकटी जाते आहे, तिच्याही गाठीशी दहा मिनिटं असू द्यावी, म्हणून…

इथे लिहिता लिहिता थांबले. चहा ठेवला होता तो उतरवला आणि तुझं पहिलं पत्र काढून वाचलं. मिनिट चुकलं की जागा चुकली.

रितिका, धुरकट नव्हतं. मी गच्चीवर होते, मला माहीत आहे कसं होतं. रामटेकची टेकडी दिसत होती. आता खरं काय झालं ते लिही. माझ्यासाठी साखर घालू नकोस.

आत्या

*

वसतिगृह
४ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

लिहिते. सगळं लिहिते.

उडाले तेव्हा टॉवरने उड्डाणाची वेळ सांगितली. मी त्यात मिनिटं मिळवली आणि कोराडी किती वाजता येईल ते मांडीवरच्या कागदावर लिहिलं. टॉवर वेळ सांगतो तेव्हा आपल्या घड्याळाशी ताडून पाहायची असते. मी पाहिली नाही. सर निघण्याआधी म्हणाले होते, घड्याळं एकमेकांशी मिळवून पाहा. तेव्हाही मी नुसती मान हलवली. ते तू लावलेलं होतं ना. तू लावलेल्या घड्याळाला मी कशाला तपासू?

वैनगंगा ओलांडली, फार सुंदर दिसत होती. मग कोराडीची वेळ झाली. खाली पाहिलं तर धान कापलेल्या बांध्या, नुसत्या बांध्या. चिमणी एक नाही. मला वाटलं वाऱ्याने मी भरकटले. तशीच सरळ दहा मिनिटं गेले असते तर चिमण्या समोर आल्या असत्या. पण घड्याळ म्हणत होतं कोराडी मागे गेली. मी उजवीकडे वळून शोधायला लागले.

मग डावीकडे चिमण्या दिसल्या. आणि आत्या, मी काय म्हटलं ठाऊक आहे? म्हटलं, कोराडी तर गेली, मग या पलीकडच्या वीज केंद्राच्या, खापरखेड्याच्या. त्या धरून पुढचं वळण घेतलं आणि पार चुकले. ज्या चिमण्यांखाली मी दोन वर्षं राहिले, ज्यांची राख तुझ्या वाळवणावरून झटकली, त्या मला ओळखू आल्या नाहीत. डोळे सांगत होते कोराडी. मी मनगटाचं ऐकलं.

शेवटी रेडिओवर सांगितलं, मला मी कुठे आहे ते कळत नाही. सरांनी शांतपणे एकेक दिशा देऊन घरी आणलं. उतरल्यावर वर्गाच्या भिंतीवरचं घड्याळ पाहिलं तेव्हा कळलं.

तुला सांगितलं नाही, कारण ती दहा मिनिटं कोणाची आहेत हे मला माहीत आहे.

आता ऐक. तू सरांना काही कळवायचं नाहीस. तुझं तसं चाललं असणार, मी तुला ओळखते. विमानात घड्याळ कोणी लावलं हे कोणी विचारत नाही, ते कोणी तपासलं नाही हे विचारतात. ते माझं आहे. सरांनी अहवाल लिहायला सांगितला होता, तो दिला. सोळा तारखेपर्यंत कळेल. कदाचित ते म्हणतील, हिला पुन्हा सुरुवातीपासून शिकवा. कदाचित म्हणतील, घरी जा. पहिल्यांदाच मला भीती वाटते आहे, आणि ती वर नाही, खाली वाटते आहे.

तुझी
रितिका

*

कोराडी
८ डिसेंबर २०२४

माननीय मार्तंड सर यांस,

सप्रेम नमस्कार. मी रितिकाची आत्या. तिने तुम्हाला लिहू नकोस असं मला बजावलं आहे, तरी लिहिते आहे. माझं शिक्षण सातवी, पुढचं जे काही ते वाचून. तेव्हा चूकभूल असेल.

तिचं घड्याळ मी दहा मिनिटं पुढे लावून पाठवलं होतं. आमच्या घरची रीत. वेळ मी लावली आहे, हात लावू नकोस, असंही लिहिलं. ती मोठ्यांचं ऐकणारी आहे. तुमच्या कामात तो दुर्गुण असेल, पण तो आम्ही लावलेला आहे. तिला घरी पाठवायचं असेल तर आधी एवढं लक्षात घ्यावं. दया करा असं म्हणत नाही. खरं काय ते तुमच्याजवळ असावं.

आपली
शोभा वामनराव ढोक

*

प्रशिक्षण विमानतळ
१२ डिसेंबर २०२४

श्रीमती शोभाताई यांस नमस्कार.

आपलं पत्र मिळालं. रितिकाचा अहवाल माझ्यासमोर आहे. त्यात आत्या नाही, पार्सल नाही, दहा मिनिटं कोणी पुढे केली तेही नाही. "घड्याळ मिळवून न पाहता निघाले. डोळ्यांना दिसलं ते नाकारलं. कळेनासं झालं तेव्हा लगेच सांगितलं." एवढंच. मी बरीच वर्षं शिकवतो आहे. असा अहवाल लिहिणाऱ्याला मी घरी पाठवत नाही. तुमचं पत्र येण्याआधीच मी तिची फेरी पुन्हा लावली होती. ते तिला आज संध्याकाळी सांगणार आहे.

तुम्ही म्हणता तो दुर्गुण मात्र काढावा लागेल. आता उड्डाणाआधी सगळी पोरं आपली घड्याळं टेबलावर काढून ठेवतात आणि एकमेकांची तपासतात. तिचं घड्याळ मी हातात घेऊन पाहिलं. उत्तम आहे.

माझ्या घरचंही भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे. मी वैमानिक आहे, तरी बायको ते मागे करू देत नाही. त्यामुळे तुम्हाला बोलायचा मला फारसा अधिकार नाही.

हवा बरी राहिली तर बुधवारी, अठराला, सकाळी आठच्या पुढे-मागे ती कोराडीवरून जाईल. हे मी तुम्हाला कळवलं असं तिला सांगू नये. तुम्ही पाहता आहात हे ठाऊक असलं की पोरं खाली बघत बसतात.

आपला
मार्तंड पोफळे

*

कोराडी
१८ डिसेंबर २०२४

चि. रितिकास अनेक अनेक आशीर्वाद.

तू अजून कपडेही बदलले नसतील आणि मी पत्र लिहायला बसले आहे. सर मला ओरडले तर ओरडू देत, आता झालं आहे सगळं. मला माहीत होतं. सात वाजल्यापासून गच्चीवर होते. मिनल तिच्या दोन्ही पोरांना घेऊन आली, खालच्या मजल्यावरच्या प्रयागबाई काठी टेकत आल्या. मी कोणालाच बोलावलं नव्हतं. फक्त काल पाण्याच्या टँकरपाशी सहज बोलले होते.

थंडी होती, आभाळ स्वच्छ. प्रयागबाईंनी दर घारीला विचारलं, "हेच का वं?" मिनलच्या धाकट्यानं नागपूरच्या विमानतळावर उतरणारं मोठं विमान पाहून टाळ्या पिटल्या. मी म्हटलं, ते नाही रे, आपलं लहान आहे.

मग आवाज आला. आधी आवाज, मोटारसायकलसारखा, मग पूर्वेकडून पांढरा ठिपका. तू सरळ चिमण्यांकडे येत होतीस, जशी दोरी बांधून कोणी ओढतं आहे. खापरखेड्याच्या चिमण्या तुझ्या उजवीकडे होत्या, तू तिकडे वळलीसुद्धा नाहीस. मी हात जोडले नाहीत, हाक मारली नाही. नुसती पाहत राहिले. मिनल माझा दंड धरून उभी होती, आता दुखतो आहे.

चिमण्यांवर आलीस आणि पंख कलला. एकदाच, जेवढा पाहिजे तेवढा. वळलीस, पुन्हा सरळ झालीस आणि कुहीच्या दिशेने निघालीस.

थोड्या वेळानं तुझ्या बापाचा फोन. रुपराव शेतातूनच ओरडत होता, "गेली वं शोभे, आपल्या शेताच्या धुऱ्यावरून गेली, सरळ गेली!" तो रडत होता की हसत होता कळलं नाही. मी म्हटलं, आता तिले सोनेरी पट्टा घेऊन देतं का? म्हणाला, "काहून वं मले टोचून राहिली? तूच जिंकली."

सगळे खाली गेल्यावर मी वर एकटी थांबले. यांची आठवण आली, येतेच, रोज येते. आज ती बाजूला उभी राहून पाहत होती, एवढाच फरक.

प्रयागबाईंना मात्र तुझा राग आला आहे. म्हणाल्या, "घरावरून गेली अन् एक फेरा नाही मारला, हात नाही दाखवला, अशी कशी पोरगी?" मी त्यांना काही सांगितलं नाही. तुला सांगते. तू माझ्यासाठी एक क्षणही थांबली नाहीस, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि जिन्यावरून उतरताना रोज धरते तो कठडा आज मला धरावा लागला नाही.

तुझी
आत्या